फरशीखालचे पाइप आधी की बॉयलरचं तापमान आधी? (सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. सभेआधी एक विषय इथे बोलून घेऊ. चार घरांनी जुने रेडिएटर काढून फरशीखाली गरम पाण्याचे पाइप टाकायची परवानगी मागितली आहे. घर ज्याचं त्याचं, पण राइजर, म्हणजे मजल्या-मजल्यांवर गरम पाणी नेणारे उभे पाइप, सगळ्यांचे आहेत. म्हणून प्रत्येकाने आपलं मत लिहा.

तळमजला २: आमचा पाठिंबा आहे. रेडिएटरला हात लावला तर चटका बसतो, डोकं तापतं, पण पाय गारच. ह्यांचे गुडघे दुखतात, संध्याकाळ झाली की दोन-दोन मोजे घालून बसतात. थर्मामीटर २२ दाखवतो, मग थंडी वाजते कशी?

३०१: काकू, थर्मामीटर फक्त हवा मोजतो. आपलं अंग भिंती, काचा, फरशी या सगळ्यांशी उष्णतेची देवघेव करत असतं. हवा २२ अंश असली आणि भोवतालच्या पृष्ठभागांची सरासरी १६ असली, तर अंगाला साधारण १९ जाणवतं. तुमच्याकडे खालून जमिनीचा गारवा येतो, शिवाय दोन भिंती बाहेरच्या. फरशी २५-२६ अंशांवर राहिली तर हवा २० असूनही काकांना बरं वाटेल. फरशी याहून फार तापवायचीही नसते. बसण्याउठण्याच्या जागी २९ अंश ही मर्यादा धरतात, लाकडी फरशी असेल तर २७.

४०२: ताई, मग इलेक्ट्रिक मॅट टाकली तर? राइजरला हातच लागणार नाही, परवानगीचाही प्रश्न मिटला.

३०१: बाथरूमपुरती जरूर टाका वहिनी, पातळ असते, पटकन तापते. पण सगळ्या घराला नको. मॅट एक युनिट विजेतून एकच युनिट उष्णता देते. हीट पंप, म्हणजे बाहेरची उष्णता खेचून आत आणणारं यंत्र, तेवढ्याच विजेत तीन-चार युनिट देतो, मात्र पाणी ३५ अंशांच्या आसपास मागितलं तर. ५५ मागितलं की तोच आकडा बराच खाली येतो.

२०२: माझी काळजी वजनाची आहे. वरच्या दोन मजल्यांना लाकडी तुळया आहेत, आणि माझं छत म्हणजे ३०१-३०२ ची जमीन.

३०१: दादा, ही काळजी अगदी रास्त आहे. नेहमीची पद्धत म्हणजे पाइपवर ६५ मिलीमीटरच्या आसपास सिमेंटचा थर. त्याचं वजन चौरस मीटरला १३० किलोच्या घरात जातं. १५ चौरस मीटरच्या खोलीत दोन टन झाले. तुळयांवर हे मुळीच चालणार नाही. तिथे कोरडी पद्धत लागते. खाचा पाडलेल्या पॅनेलमध्ये पाइप बसवायचा, खाली उष्णता पसरवणारा ॲल्युमिनियमचा पत्रा आणि वर जिप्सम फायबरचा बोर्ड. त्या बोर्डाचं वजन चौरस मीटरला २५ किलोच्या आसपास. तरी स्ट्रक्चरल इंजिनीअरने तुळया उघडून बघितल्याशिवाय वरच्या मजल्यावर कुणीही काम सुरू करू नये, मीसुद्धा नाही. दारं खालून कापावी लागतील, उंबऱ्याशी पायरी येईल, हेही आत्ताच धरून चला.

१०१ (बॉयलर बघणारे): मला थेट विचारायचं आहे. मी बॉयलर ७० अंशांवर चालवतो. चार घरांना ३८ चं पाणी हवं. मी कुणाचं ऐकू?

३०१: काका, खरा प्रश्न हाच आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

बॉयलर एक, पाणी एक. बाकीच्या घरांना ७० लागतं तोवर तो ७० वरच चालणार. फरशीवाल्या घरात मिक्सिंग व्हॉल्व्ह बसेल, परतीचं थंड पाणी मिसळून ७० चं ३८ करेल आणि फरशीत सोडेल. त्या घराला सुख मिळेल, पण इंधनाची मोठी बचत होणार नाही, कारण बॉयलरच्या लेखी काहीच बदललेलं नाही. आपला बॉयलर कंडेन्सिंग आहे. परतीचं पाणी ५५ च्या खाली आलं तरच धुरातली वाफ पाणी होऊन आपली उष्णता परत देते. जितकं खाली, तितकं जास्त. ७० चं पाणी सोडून ६० ने परत येत असेल, तर ती उष्णता चिमणीतून चालली आहे. आपण कंडेन्सिंग बॉयलर घेतला आणि जुन्यासारखा चालवतो आहोत. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

दुसरं, राइजर. आपली एकपाइपी व्यवस्था आहे. वरून आलेलं पाणी एका घराच्या रेडिएटरमधून खालच्या घराकडे जातं. माझ्या आधीच्या इमारतीत एका शेजाऱ्यांनी फरशीचे लूप, म्हणजे पाइपचे वेढे, सरळ राइजरला जोडले. त्यांची फरशी उबदार झाली आणि त्यांच्या खालची तीन घरं हिवाळाभर कुडकुडली. त्यातल्या एका घरात तान्हं मूल होतं. वाद घरोघरी पोचला, बोलणं बंद झालं. इथे तसं होऊ नये असं मला फार वाटतं.

म्हणून माझं म्हणणं असं की परवानगीच्या आधी एक चाचणी करू. सगळे व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचे, रेडिएटरसमोरचे सोफे आणि पडदे बाजूला करायचे, रात्री बॉयलरचं तापमान कमी करणं बंद ठेवायचं. काकांनी बॉयलर दोन दिवस ६० वर, मग ५५ वर आणावा. प्रत्येकाने सकाळ-संध्याकाळ प्रत्येक खोलीचं तापमान लिहायचं. हे रेडिएटर बसले तेव्हा खिडक्या एका काचेच्या होत्या. आता बहुतेकांकडे दुहेरी काच आहे, म्हणजे तेच रेडिएटर आज गरजेपेक्षा मोठे ठरतात. कदाचित अर्ध्या घरांना फरशी उकरायची गरजच पडणार नाही.

४०२: आणि ज्या खोल्या गारठतील?

३०१: त्यांचीच यादी आपल्याला हवी आहे, वहिनी.

सेक्रेटरी: मान्य. सोमवारपासून सुरू करू. थंडीची लाट सांगितली आहे, चाचणीला बरंच आहे. तक्ता जिन्यात लावतो.

*(आठ दिवसांनी)*

१०१ (बॉयलर बघणारे): आज तिसरा दिवस ५५ वर. परतीचं पाणी ४६. बॉयलरखालच्या नळीतून पाणी ठिबकतंय. आधी वाटलं गळती आहे.

३०१: गळती नाही काका! ते धुरातल्या वाफेचं पाणी. आजवर चिमणीतून जात होतं, ते आता खाली येतंय. फार छान वाटलं वाचून. ते आम्लधर्मी असतं, नळी थेट ड्रेनमध्येच सोडा.

२०२: आमच्या सगळ्या खोल्या २० ते २१. खरं सांगतो, मला वाटलं नव्हतं.

१०३: हॉल २०. मुलांची खोली १९, पण तिथे पलंग रेडिएटरला चिकटून आहे. आज सरकवतो.

४०२: उत्तरेकडची बेडरूम १७. छताला हात लावला तर गार लागतं.

तळमजला २: हॉल १७, कधी १६. ह्यांनी शाल काढली नाही.

सेक्रेटरी: काकू, त्रास होत असेल तर तुमच्यासाठी परत ७० करू.

तळमजला २: नको. आणखी दोन दिवस काढू, आकडे पुरे होऊ देत. हीटर आणलाय एक.

३०१: काकू, तुमच्या जिद्दीला नमस्कार. आता चित्र स्पष्ट आहे. ४०२ ला फरशी नको, छतावर इन्सुलेशन हवं. उष्णता वरून निघून जातेय आणि छत सोसायटीचं आहे, म्हणून तो खर्चही सोसायटीचा. फरशीची खरी गरज तळमजला २ ला आहे. तिथे तुळया नाहीत, वजनाचा प्रश्न नाही, सिमेंटचा थर चालेल. फक्त खाली आणि कडेला इन्सुलेशन घालायलाच हवं, नाहीतर आपण जमीन तापवत बसू. सोळा मिलीमीटरचा पाइप, ऑक्सिजन आत न घेणारा, नाहीतर फरशीच्या पाण्यात ऑक्सिजन शिरून त्या भागातलं लोखंड गंजतं आणि गाळ साचतो. एक लूप शंभर मीटरच्या आत. राइजरपासून वेगळं करायला हीट एक्स्चेंजर (पाणी न मिसळता फक्त उष्णता पलीकडे देणारा) आणि प्रवाह ठरवून देणारा व्हॉल्व्ह, म्हणजे वरच्यांचं पाणी पळणार नाही. माझा अर्ज मी मागे घेते. माझ्या खोल्या ५५ वर २० अंश आहेत, मला गरज नाही.

तळमजला २: अगं, पण तुझी हौस होती ना?

३०१: होती काकू. पण आकडे समोर आल्यावर तुळयांवर वजन टाकायला मन धजत नाही.

१०१ (बॉयलर बघणारे): काम करणाऱ्याला काय सांगायचं ते लिहून दे. मी उभा राहीन.

३०१: एकच गोष्ट अजिबात सोडू नका काका. पाइप झाकण्याआधी पाणी भरून दाब द्यायचा, ४ ते ६ बार, आणि सिमेंट ओततानाही दाब तसाच ठेवायचा. आईच्या घरी काम चालू असताना संध्याकाळी गेजचा काटा ६ वर होता, सकाळी ४ च्या खाली. सुताराने दाराच्या स्टॉपरचा खिळा पाइपात ठोकला होता. काटा बघितला नसता तर तो खिळा सिमेंटखाली गेला असता. आणि सिमेंट ओतल्यावर २१ दिवस गरम पाणी सोडायचं नाही, कुणी कितीही घाई केली तरी. मग तीन दिवस २५ अंशांचं पाणी, त्यानंतर ठरलेल्या तापमानापर्यंत. वर टाइल घ्या, जाड गालिचा नको, नाहीतर उष्णता खालीच अडकते.

तळमजला २: ते २१ दिवस आम्ही राहायचं कुठे?

१०३: आमच्याकडे, काकू. मुलांची खोली देतो, पलंग सरकवलाय, आता २० आहे.

सेक्रेटरी: सभेत दोन ठराव ठेवतो. बॉयलर ५५ वर कायम आणि छताचं इन्सुलेशन. तळमजला २ ची परवानगी हीट एक्स्चेंजरच्या अटीवर. बाकीच्या अर्जदारांनी आपले आकडे बघून कळवावं.

३०१: काकू, फरशी उघडाल त्या दिवशी मला हाक मारा. पाइप झाकायच्या आधी मोजायची टेप लावून प्रत्येक खोलीचे फोटो काढून ठेवते. पुढे कुणी भोक पाडायला आलं तर दाखवता येतील.