प्रतिसाद: बॉडी उलटून आपटते त्यावर

भाऊ, तुम्ही विचारलंय की प्रीमियर पद्मिनी गाडीची बॉडी फिरत्या स्टँडवर (दोन्ही टोकांना पकडून बॉडी कुशीवर फिरवायचा सांगाडा) अर्ध्यावर नेली की गपकन उलटून आपटते. म्हणजे ज्या पाईपवर ती फिरते तो खाली लागलाय. बंपरच्या जागी पकडलं की असंच होतं. बॉडीच्या वजनाचा मध्य त्या पाईपच्या वर राहतो. बॉडी धरणाऱ्या कंसाला (ब्रॅकेटला) उभ्या ओळीत भोकं पाडा, बॉडी एकेक भोक खाली घ्या. कुठंही सोडली तरी तिथंच थांबली की जमलं.

फिरण्यासाठी आम्ही जळगावात बोअरचा जुना पाईप दुसऱ्या पाईपात घातला, ग्रीस चोपडलं, आरपार बोल्टनं लॉक केलं. नुसत्या घट्ट नटावर विसंबून खाली झोपू नका बुवा!

आणि तळ कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवे-तिरपे पाईप टाकलेत ना? या गाडीला वेगळी चॅसी (खालचा सांगाडा) नाही, तळ कापला की बॉडी वाकते. मी टाकले नव्हते, मग दार बसेना. मे महिन्यातलं वेल्डिंग मात्र उन्हामुळं सकाळी आठच्या आत उरका.