जनुक चाचणी करावी की नाही? तुम्ही कसं ठरवलंत?

आईला स्तनाचा कॅन्सर निघाला तेव्हा ती ४१ वर्षांची होती. मी आता ३८ची. डॉक्टरांनी बीआरसीए चाचणी (बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या जनुकांत स्तनाच्या, अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा दोष आहे का, हे रक्तातून बघतात) सुचवून चार महिने झाले, संमतिपत्र कपाटात कपड्यांच्या घडीखाली पडून आहे. सुईची भीती नाही. रिपोर्ट आल्यावर मुलीकडे मी कशी बघणार, हे डोक्यातून जात नाही. ज्यांनी केली, ज्यांनी मुद्दाम केली नाही, ज्यांचं माझ्यासारखं अजून ठरत नाही, सगळ्यांनी मोकळेपणाने लिहा.

*

आमचं गाडं वेगळ्याच ठिकाणी अडलं. समुपदेशक बाईंनी आधी कागदावर घरातली माणसं काढायला लावली. बाईला गोल, पुरुषाला चौकोन, कॅन्सर झालेल्यांचा आकार भरून टाकायचा. आईच्या बाजूला तीन गोल काळे झाले. मग त्या म्हणाल्या, "आजार झालेली आणि हयात असलेली व्यक्ती आधी तपासूया. तिच्यात काय आहे हे माहीत नसताना तुमचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, तर त्यावर निर्धास्त होता येत नाही."

हयात एकटी मोठी मावशी. केमोतून उठून नुकती कुठे सावरत होती. मी फोनवर कसंबसं विचारलं. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "म्हणजे माझ्यामुळे तुम्हा पोरींना..." पुढे तिला बोलवेना. मी म्हटलं, "मावशी, तुलाही ते कुणाकडून तरीच आलं ना गं?"

तिने रक्त दिलं. बीआरसीए-१ सदोष निघालं. मग माझ्यात फक्त तोच एक बदल शोधला, तो नाही. म्हणजे माझा धोका साधारण इतर बायकांइतका. मॅमोग्राम, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, चुकवायचा नाहीच. ज्यांच्या घरी अशी मावशी आहे त्यांनी तिच्याशी आधी बोला, फोनवर नको, जवळ बसून.

*

पुरुषाने लिहिलं तर चालेल ना? माझी आजी, वडिलांची आई, अंडाशयाच्या कॅन्सरने गेली. आत्याला स्तनाचा. तरी बहिणीला प्रत्येक डॉक्टरने विचारलं ते "आईकडे कुणाला होता का?" सदोष जनुक वडिलांकडूनही तसंच येतं, मुलगा असो की मुलगी, शक्यता निम्मी. मी दोन मुलींसाठी म्हणून चाचणी केली. बीआरसीए-२ निघालं, पुरुषांत त्याने प्रोस्टेटच्या कॅन्सरचा धोका वाढतो, आणि चाळिशीतच प्रोस्टेटची तपासणी माझीच सुरू झाली.

*

माझा रिपोर्ट ना इकडचा ना तिकडचा. 'अर्थ अनिश्चित असलेला बदल.' अशा बदलावरून ऑपरेशनचा निर्णय घेत नाहीत, आणि पुढे माहिती वाढली की बहुतेक बदल निरुपद्रवी ठरतात, हे मला नंतर कळलं. आधी कुणी सांगितलं असतं तर ती रात्र तशी गेली नसती. रक्त देण्यापूर्वी हे विचाराच.

*

मी २३ची. आईत बीआरसीए-१ आहे. ते असलं तर वयाच्या ८०पर्यंत साधारण ७० टक्के बायकांना स्तनाचा कॅन्सर होतो, आकडा पाठ आहे. दरवर्षीचा एमआरआय पंचविशीच्या सुमारास सुरू करतात, तेव्हा चाचणी करेन. त्याआधीची ही दोन वर्षं मला हवी आहेत. आईला पटतं, मामांना नाही.

*

आम्ही दोघी बहिणी एकाच दिवशी रिपोर्ट आणायला गेलो. ताईचा आधी उघडला. आहे. माझा, नाही. मला सुटल्यासारखं वाटलं आणि त्याची इतकी लाज वाटली की मान वर होईना. ताईने माझा कागद घेतला, नीट घडी घालून माझ्या पर्समध्ये ठेवला. "तुझ्या पोरांमागची एक काळजी गेली बघ," म्हणाली.

अंडाशयाचा कॅन्सर लवकर पकडणारी भरवशाची तपासणी नाही, म्हणून तिने चाळिशीच्या आत अंडाशयं आणि गर्भनलिका काढून घेतल्या. ती आत असताना मी बाहेर बसून होते. रुमाल काढायला पर्स उघडली तर तो कागद तसाच, तिने घातलेल्या घडीत.