कामावरून काढलं, कमी केलं की ‘सेवामुक्त’?

पाटीपेन्सिल: चाकणच्या एका कारखान्याची एचआरची पत्रं मराठीत करतेय. ‘सेपरेशन’ला मी ‘कामावरून कमी करणे’ लिहिलं तर तिथले साहेब म्हणाले ‘सेवामुक्ती’ करा, बरं वाटतं. कुणाला बरं वाटतं? पत्र ज्याच्या हातात पडणार त्याने मुक्ती मागितलीच नव्हती. दुसरा शब्द सुचवा.

झेडपीवाला: आमच्याकडे बदली झाली की ‘कार्यमुक्त’ करतात, त्यात नोकरी जात नाही. हे सेवामुक्ती त्यावरूनच उचललं असणार.

लालबागकर: सरळ ‘नारळ दिला’. निघालेल्या पाहुण्याच्या हातात नारळ देतात त्यावरून. वडील गिरणीत बदली कामगार, रोज गेटवर उभं राहायचं, कुणी गैरहजर असेल तर काम नाहीतर परत घरी. १९८२च्या संपानंतर तर नारळही नाही मिळाला, गेटच उघडलं नाही.

कलमबहाद्दर: ताई, आधी इंग्रजी नीट बघा. २०२५पर्यंत लागू असलेल्या १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात ले-ऑफ म्हणजे तात्पुरतं काम न देणं, नाव पटावर राहायचं. कायमचं कमी करणं ते रिट्रेंचमेंट, त्याला महिन्याची नोटीस आणि दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार. पेपरवाले दोन्हीला ले-ऑफच म्हणतात. ‘सेपरेशन’मध्ये तर राजीनामासुद्धा येतो, म्हणजे कुणी सोडलं आणि कुणी काढलं तेच कळत नाही.

मोगरा: मी ९ वर्षं एचआरमध्ये होते. वर्षात २४० दिवस भरले की सलग नोकरी धरली जाते, म्हणून कंत्राटी पोरांचे तेवढे दिवस भरायच्या आत त्यांना ‘ब्रेक’ द्यायची यादी मीच करायचे. एकदा एकजण डबा घेऊन आला होता, त्याला गेटवरच सांगितलं, तुला ब्रेक आहे. तो म्हणाला, मॅडम, डबा खाऊन जाऊ का? ‘ब्रेक’ शब्द नसता तर ‘तुला काढलंय’ हे माझ्या तोंडून निघालं नसतं, आणि निघालं नसतं तर मी यादीवर सहीही केली नसती असं आता वाटतं. पाटीपेन्सिल, ‘काढले’ लिहा.

शुद्धमती: एचआर कशाला, मनुष्यबळ म्हणा की. ‘मानव संसाधन’ तर हिंदीतून आलंय.

लालबागकर: माणूस बळ पण नाही नि संसाधन पण नाही. आणि शुद्ध म्हणाल तर पगार पोर्तुगीज, मजूर फारसी. काय काय काढणार?

कलमबहाद्दर: ‘नोकर’ मूळचा मंगोल, अर्थ सोबती. फारसीतून आपल्याकडे आला.

पाटीपेन्सिल: सोबती! बरं, ‘काढले’ लिहून पाठवलंय, परत येईल बहुतेक. मोगरा, त्याने डबा खाल्ला का?

मोगरा: नाही. सिक्युरिटीने आत सोडलं नाही.

शुद्धमती: सिक्युरिटीला ‘पहारेकरी’ आहे ना?