मदत हवी आहे : पावसाळी हवेत वीणेला लाखेचे पॉलिश कसे करावे?

नांदेडजवळच्या आमच्या गावातील सप्ताहात पहाऱ्याला असणारी जुनी वीणा माझ्याकडे दुरुस्तीसाठी आली असून, तिच्या भोपळ्याला आणि दांडीला स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडा लाखेचे पॉलिश करावयाचे आहे. मात्र झड लागल्यापासून कापसाची पुरचुंडी फिरवताच पृष्ठभाग क्षणभर चमकतो आणि लगेच त्यावर दुधाळ साय धरते, विशेषतः भोपळा दांडीला मिळतो त्या खाचेत. स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतील बाष्प ओल्या थरात उतरते, हे त्याचे कारण आहे. उन्हाळ्यापर्यंत थांबण्यातही अर्थ नाही, कारण आपल्याकडे पारा ४० अंशांवर गेला की स्पिरिट इतके भराभर उडते की पुरचुंडी थराला चिकटून ओढ घेते. जाड प्लास्टिकसारखा थर देणारे तयार व्हार्निश मला या वाद्यावर मुळीच नको आहे.

बंद खोलीत बल्बच्या उबेने वीणा किंचित कोमट करून पातळ हात दिल्यास सरसाचा जोड सैल होण्याची भीती आहे का? पांढरी पडलेली जागा कोरड्या हवेत नुसत्या स्पिरिटच्या ओझरत्या हाताने निवळते, की तेवढा थर घासून काढावाच लागतो? प्रत्यक्ष काम केलेल्या जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.