शॉर्टब्रेडऐवजी स्टोकचा कप पाठवा

जपानमधल्या मैत्रिणीला खास इंग्लिश भेट काय पाठवावी, यावर बहुतेकजण चहा आणि शॉर्टब्रेड, म्हणजे लोण्याची खुसखुशीत बिस्किटं, सुचवतात. चहा ठीक आहे, पण शॉर्टब्रेड स्कॉटलंडचं. इंग्लिशच हवं असेल तर माझं मत चिनीमातीच्या भांड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या स्टोक-ऑन-ट्रेंट शहरातल्या कपबशीला. तिथल्या मिडलपोर्टच्या जुन्या कारखान्यात 'बर्ली' या ब्रँडची भांडी आजही होतात. तांब्याच्या कोरीव रोलरवरून नक्षी पातळ टिश्यू कागदावर छापतात, तो कागद हातानं कापून भांड्यावर बसवतात, ब्रशनं घासून घासून रंग भांड्यावर उतरवतात आणि मग कागद धुऊन काढतात. कप घेताना त्याच्या कानाजवळ (दांडीजवळ) नीट बघा, कागदाचे तुकडे जुळवल्याची बारीक रेघ कधीकधी सापडते. मला तर त्या रेघेसाठीच तो कप घ्यावासा वाटतो! मात्र कुठलाही कप घ्या, बुडाखालचा 'मेड इन इंग्लंड' शिक्का बघूनच. नुसता युनियन जॅक छापलेला माल कुठूनही आलेला असतो.

फुटायची धास्ती असेल तर उत्तर इंग्लंडमधल्या कंब्रियातली केंडल मिंट केक. नावात केक असला तरी ही साखर, ग्लुकोज आणि पेपरमिंट तेलाची पांढरी वडी. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेच्या शिदोरीतही ती होती. मैत्रीण डोंगर चढणारी असेल तर हीच पाठवा. घरात लहान मूल असेल तर सोबत बर्मिंगहॅमची 'ॲक्मी थंडरर' शिट्टी, पण आधी मैत्रिणीला विचारून!