‘मणक्यात गॅप’ म्हणजे फट वाढली का कमी झाली?

गोदाकाठ, नांदेड:
म्हाताऱ्या पेशंटसाठी एका माहितीपत्रकाचा अनुवाद करतोय. मी लिहिलं, ‘मणक्यांमधली गादी (डिस्क) झिजली की दोन मणक्यांमधली फट कमी होते आणि वरच्या-खालच्या मणक्याची ताकद घटते.’ तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून ‘मणक्यात गॅप येतो’ केलं, लोक असंच बोलतात म्हणे. बोलतात हे खरंय, आमच्याकडं कुणाचीबी कंबर धरली की गॅपच आलेला असतो, पण अर्थ पार उलटा होतोय ना?

बालाघाट, बीड:
राहू द्या की गॅप. ऊसतोडीला जाऊन मोळ्या वाहून ज्यांची कंबर गेली त्यांना गॅप म्हणजे दुखण्याचं नाव आहे, फट कोण मोजतंय.

मांजरा, लातूर:
रूढ झालं म्हणून चुकीचं छापायचं का? अन् गादीला चकती म्हणा. मणका मण्यावरूनच आलाय, ओवलेले मणी, मधे चकत्या, किती सरळ आहे.

फिजिओताई, अंबाजोगाई:
चकती म्हटलं की कडक काहीतरी वाटतं, गादीच बरोबर. तरुणपणी तिच्या गाभ्यात ८० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, त्यामुळं भार मणक्यावर सगळीकडं सारखा पसरतो. ती सुकून बसली की उभं असताना बराच भार मणक्याच्या मागच्या कमानीवर जातो, पुढच्या भागाला कामच उरत नाही, आणि काम नसलेलं हाड शरीर विरळ करत जातं. मग माणूस खाली वाकला की सगळा भार त्याच विरळ भागावर येतो आणि मणका पुढून दबतो, पाचरीसारखा होतो, बायांना पोक येतं ते पुष्कळदा यामुळं. आणखी एक, हाडाची घनता मोजणारं मशीन कमरेचा मणका पुढून-मागून एकत्रच मोजतं, मागची कमान घट्ट असली की आकडा चांगला दिसतो अन् पुढचा भाग कमजोरच असतो. म्हणून दादा, गादी ‘झिजते’ आणि मणका ‘विरळ होतो’ असं वेगळं लिहा, दोन्हीला झीज म्हणू नका.

मांजरा, लातूर:
विरळ कापड असतं. हाड ठिसूळ होतं.

फिजिओताई, अंबाजोगाई:
ठिसूळ म्हटलं की लोकांना सगळीच हाडं वाटतात, इथं एकाच मणक्याचा पुढचा भाग आहे.

दुधना, परभणी:
आमच्या आजी या सगळ्यालाच उसण म्हणायच्या. उसण भरली की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घ्यायचा, जोरात.

फिजिओताई, अंबाजोगाई:
साठीच्या पुढच्या बाईला असं अजिबात करू नका हो. मणका आधीच कमजोर असला तर एका लाथेत दबेल.

बालाघाट, बीड:
पण ती उसण नव्हेच, लचक असंल. उसण श्वास घेताना बरगडीत धरती, लचक वाकताना कमरेत भरती.

दुधना, परभणी:
आमच्याकडं बरगडीतल्याला चमक म्हणतात. उसण कमरेतलीच.

गोदाकाठ, नांदेड:
पत्रक उद्या छापायला जातंय, गॅप ठेवू का काढू तेवढं सांगा कुणीतरी.

बालाघाट, बीड:
परभणीत काहीबी म्हणत असतील, माजलगावाकडं विचारा, उसण बरगडीतच.