पार्थिव : गणपतीचं आणि माणसाचं

मूळ प्रश्न :
चतुर्थीला पोथीतलं 'पार्थिव सिद्धिविनायक' ऐकून लेक कानाशी कुजबुजली, "आई, पार्थिव म्हणजे डेड बॉडी ना?" बातम्यांत ती तेवढंच ऐकते. 'नंतर सांगते' म्हणून वेळ मारून नेली. आता सांगायचं काय?

प्रतिसाद :
पृथ्वीचं ते पार्थिव, म्हणजे मातीचं. (संस्कृतात राजालाही पार्थिव म्हणतात, पृथ्वीचा धनी म्हणून.) 'पार्थिव देह'मधला देह वर्तमानपत्रांनी गाळला आणि विशेषणाचं नाम झालं. यातही मानपान आहेच. नदीत वाहून आलेल्या अनोळखी माणसाचा 'मृतदेह' सापडतो, अंत्यदर्शनाला ठेवतात ते पुढाऱ्याचं 'पार्थिव'.

प्रतिसाद :
मग पीओपीच्या गणपतीला पार्थिव म्हणायचं का? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2020च्या सूचना पीओपीच्या विरोधात आहेत. पण शब्दावरच बोट ठेवायचं तर पीओपी ज्याचं होतं ते जिप्सम हे खनिजच, तेही पृथ्वीच्याच पोटातलं.

प्रतिसाद :
जिप्सम भाजून त्यातलं बरंचसं पाणी उडवलं की प्लास्टर होतं. पाण्यात कालवलं की ते पुन्हा घट्ट बसतं, मग विरघळता विरघळत नाही. शाडूचं उलट. वाळली तरी ती मातीच राहते, भाजलेली नसते म्हणून बादलीतही तासाभरात विरघळायला लागते. आमच्या आळीतले मूर्तिकार दोन्ही करतात. शाडू जड, वाळायला वेळ घेते, नेताना सोंड मोडायची धास्ती. पीओपी साच्यातून भराभर निघतं आणि वजनाला हलकं, म्हणून मंडळांच्या मूर्ती एवढ्या उंच झाल्या. आणि गंमत बघा, 'मूर्ती' शब्दाचा धातू मूर्च्छ्, म्हणजे घट्ट होणे, गोठणे. मूर्च्छाही त्यातलीच. तेव्हा मूर्ती म्हणून पीओपी शंभर टक्के पास! पार्थिव म्हणून मात्र माझ्या मते नापास, कारण पार्थिव पूजेत मातीचं परत माती होणं धरलेलंच आहे. श्रावणातलं पार्थिव शिवलिंगही पूजा झाली की विसर्जित करतात.

प्रतिसाद :
हाच मुद्दा उत्तरपूजेच्या श्लोकात आहे : 'यान्तु देवगणाः सर्वे पूजामादाय पार्थिवात्'. पंचमी विभक्ती! पूजा घेऊन देवांनी या मातीतून निघावं. (काही ठिकाणी 'पार्थिवीम्' म्हणतात, तेव्हा ते पूजेचं विशेषण होतं.) प्राणप्रतिष्ठेनं आलेलं निघून गेलं, उरलं ते पार्थिव. माणसाच्या बाबतीत तरी आपण दुसरं काय म्हणतो? लेकीला सांगा, तू अगदीच चुकली नव्हतीस.

मूळ प्रश्नकर्ती :
सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे उत्तरपूजा झाल्यावर आपण बाप्पाला नेत नाही, बाप्पाच्या मातीला नेतो. मग वाटेत 'पुढच्या वर्षी लवकर या' कोणाला म्हणतो?"
आहे कोणाकडे उत्तर?